हरणाच्या शिकारीसाठी गोळी किती ग्रेनची? रीलमधला प्रश्न आणि पिरंगुटमधलं उत्तर

रात्री जेवण झाल्यावर मोबाईल हातात घेतला की कधीतरी तो व्हिडिओ समोर येतोच. अमेरिकेतला एखादा शिकारी टेबलावर चकचकीत गोळ्या ओळीने मांडून सांगत असतो, "हरणासाठी १५० ग्रेनची घ्या, १८० ची नको." खाली हजारो कमेंट. त्यात एखादी मराठीतलीही असते, "भाऊ, आपल्याकडे मिळते का ही?"

मुळशी तालुक्यातलं पिरंगुट हे गाव या प्रश्नाचं उत्तर शोधायला चांगलं ठिकाण आहे. एका बाजूला कारखाने, गोदामं आणि वाढत्या सोसायट्या. दुसऱ्या बाजूला पौड, मुळशी धरण ओलांडून ताम्हिणीच्या जंगलाकडे जाणारा रस्ता. त्या डोंगरात भेकर आहे, सांबर आहे. भातखाचरात रात्री रानडुकरं उतरतात. त्यामुळे बंदूक, गोळी आणि जनावर हा विषय इथे फक्त रीलपुरता उरत नाही.

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे तिथे गोळी कशी निवडतात, आणि पिरंगुटमध्ये त्याच प्रश्नाचं उत्तर पूर्णपणे वेगळं का आहे, ते समजून घेऊया.

ग्रेन म्हणजे नेमकं काय?

बंदुकीत आपण भरतो ते काडतूस. त्यात पितळी नळकांडं, दारू, तळाशी ठिणगी देणारी टोपी आणि पुढे बसवलेली गोळी असते. चाप ओढल्यावर लक्ष्याकडे जाते ती फक्त गोळी. तिचं वजन 'ग्रेन' या जुन्या मापात सांगतात.

ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. आपल्याला हे माप परकं वाटतं, पण त्याचं नातं सोनाराच्या दुकानाशी आहे. ब्रिटिश काळात ठरलेला ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे रीलमधला शिकारी '१८० ग्रेनची गोळी' म्हणतो तेव्हा तो एक तोळ्याची गोळी दाखवत असतो. १५० ग्रेनची गोळी भरते सुमारे ९.७ ग्रॅम.

एवढ्याशा वजनात ताकद येते ती वेगामुळे. .३०८ विंचेस्टर हे हरणाच्या शिकारीत खूप वापरलं जाणारं काडतूस. त्यातली १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने बाहेर पडते. तिची ऊर्जा होते साधारण साडेतीन हजार जूल. तुलनेसाठी, ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सव्वाशे जूलच्या आसपास असते.

युद्धात बंदी, शिकारीत सक्ती

वजनाआधी प्रकार समजून घ्यायला हवा, कारण इथे एक गोष्ट ऐकून बरेच जण चकित होतात.

सैनिकाच्या रायफलमधल्या गोळीवर धातूचं पूर्ण आवरण असतं. ती आदळल्यावर फारशी पसरत नाही, बऱ्याचदा आरपार जाते. याउलट, टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी उमलते आणि मोठी जखम करते. अशा गोळीला जगभर जे नाव पडलं ते भारतातलं आहे, 'दमदम'. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या शस्त्रागारात ती बनली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असं ठरलं.

मग शिकारीत तीच गोळी का चालते? नुसती चालते असं नाही, अनेक देशांत तिची सक्ती आहे. कारण हेतू वेगळा आहे. खाण्यासाठी मारलेलं जनावर शक्य तितक्या लवकर मेलं पाहिजे. पूर्ण आवरणाची गोळी हरणाच्या छातीतून बारीक भोक पाडून निघून गेली, तर ते हरीण जखम घेऊन कितीतरी अंतर पळतं आणि झाडीत तासन्‌तास तडफडून मरतं. पसरणारी गोळी हृदय आणि फुप्फुसाच्या भागात लागली तर रक्तदाब झटकन कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत खाली येतं.

गोळी निवडण्याच्या सगळ्या चर्चेचा गाभा हाच आहे. १५० की १८०, हा प्रश्न मुळात 'जनावर किती वेळ तडफडेल' असा आहे.

हलकी की जड?

एकाच जाडीच्या दोन गोळ्या घेतल्या, तर जड गोळी लांब असते. ती खोलवर शिरते, हाड आडवं आलं तरी मार्ग फारसा सोडत नाही. पण तिचा वेग कमी असतो, त्यामुळे लांब अंतरावर ती जास्त खाली येते.

हलकी गोळी वेगवान. तिचा मार्ग सपाट, खांद्याला झटका कमी. मात्र ती फार हलकी किंवा नाजूक असेल तर खांद्याच्या हाडावरच फुटते, आतपर्यंत पोहोचत नाही. दिसायला जखम मोठी, पण जनावर जिवंत.

म्हणून निवड जनावराच्या आकारावर ठरते. .२४३ विंचेस्टर या काडतुसात ९५ ते १०० ग्रेनच्या गोळ्या हरणासाठी आणि त्याहून हलक्या गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी वापरतात. .२७० विंचेस्टरमध्ये १३० ग्रेन हे नेहमीचं वजन. .३०८ मध्ये मध्यम हरणासाठी १५० ते १६५, तर एल्कसारख्या थोराड हरणासाठी १६५ ते १८० ग्रेन.

यात बंदुकीचाही वाटा आहे. रायफलच्या नळीत आतून पीळदार खोबणी असते, ती गोळीला स्वतःभोवती फिरवते. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त पीळ लागतो. नळीचा पीळ आणि गोळीची लांबी जुळली नाही तर नेम विस्कटतो. म्हणूनच एकाची आवडती गोळी दुसऱ्याच्या रायफलमध्ये नीट चालेलच असं नाही.

गोळ्यांचे मुख्य प्रकार

• पूर्ण आवरणाची: लष्करी प्रकार. पसरत नाही. हरणासाठी अयोग्य, अनेक ठिकाणी बेकायदा.

• मऊ टोकाची: तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, टोकाला उघडं शिसं. सर्वांत जुना आणि सर्वाधिक वापरातला शिकारी प्रकार.

• पोकळ टोकाची: टोकाला खड्डा. काही वेगाने पसरतात, काही फक्त अचूक नेमबाजीसाठी असतात. त्यामुळे नाव एक असलं तरी काम एक नाही.

• प्लास्टिकच्या टोकाची: अणकुचीदार टोक हवा कापायला मदत करतं आणि आदळल्यावर मागे सरकून गोळी पसरवतं.

• दुहेरी कप्प्याची किंवा आवरणाला जोडलेली: पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहतो. अमेरिकेतल्या जॉन नोस्लर यांच्या गोळ्या १९४६ साली मूससारख्या अवाढव्य जनावरावर निकामी ठरल्या. त्यानंतर त्यांनी मधोमध धातूची भिंत असलेली गोळी तयार केली.

• निव्वळ तांब्याची: शिसं अजिबात नाही. या प्रकाराला सध्या मागणी का आहे, ते पुढे पाहू.

काही देशांत कायदाच वजन ठरवतो

हा सगळा प्रकार शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रायफलची जाडी किमान .२४० इंच हवी आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी. आपल्या भेकराचा एक चिनी भाऊबंद तिथे नेऊन सोडला गेला आणि तो आता भरपूर वाढला आहे. त्या छोट्या हरणासाठी कमी जाडीची रायफल चालते, पण गोळी किमान ५० ग्रेनची लागते.

स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने मोठ्या हरणांसाठी किमान १०० ग्रेन वजन ठरवलं होतं. २०२३ मध्ये ते ८० ग्रेनवर आणलं गेलं. त्यामागचं कारण शिसं.

तांब्याची घनता शिशापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी. त्याच मापाची तांब्याची गोळी हलकी भरते. जुना नियम ठेवला असता तर काही रायफलींमध्ये बिनशिशाची गोळी वापरणंच अवघड झालं असतं.

शिशाची अडचण काय?

शिशाची गोळी पसरताना तिचे बारीक कण सुटतात आणि जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात असं शिसं आढळलं आणि ते मांस टाकून द्यायला सांगण्यात आलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं, हे आता सर्वमान्य आहे.

दुसरा फटका पक्ष्यांना. शिकारी आतडी आणि टाकाऊ भाग जंगलात सोडून जातो, ते गिधाडं खातात. कॅलिफोर्नियात काँडोर ही महाकाय गिधाडं शिशाच्या विषबाधेने मरू लागली. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कनेही २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या.

आपल्याकडे कोणती गोळी मिळते?

आता परत घराजवळ येऊया. पुणे हे दारूगोळ्याचं जुनं शहर आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्र संशोधन संस्था आहे, 'इन्सास' रायफलची रचना तिथलीच. पण हे सगळं लष्करासाठी.

सामान्य परवानाधारकाच्या हातात भारतात जी रायफल दिसते ती बहुतेक वेळा .३१५ बोअरची. त्याला इतिहास आहे. ब्रिटिशांना भीती होती की लष्कराच्या .३०३ रायफलची काडतुसं लोकांच्या हाती पडतील. म्हणून लष्करी मापाची हत्यारं नागरिकांना बंद झाली आणि वेगळ्या मापाची .३१५ रूढ झाली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ आजही ओळखीची आहे. तिची मऊ टोकाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. जड आणि तुलनेने संथ, जुन्या वळणाची.

इथेच अनेकांची गल्लत होते. "रायफलचा परवाना आहे, गोळी शिकारीची आहे, मग शिकार का नाही?"

शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही

भारतात हौस म्हणून हरीण मारायचा परवाना कुणालाही मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ने ते दार बंद केलं. कायद्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीला कलम ९ नुसार मनाई आहे. चितळ, सांबर, भेकर, पिसोरी, काळवीट, चिंकारा यांपैकी कुठलाही प्राणी त्यातून सुटत नाही.

'शिकार' या शब्दाची कायद्यातली व्याख्याही मोठी आहे. गोळी झाडणं तर सोडाच, फासा लावणं, हाकारा घालून जनावर पळवणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं ही शिकारच ठरते. म्हणजे नेम चुकला म्हणून गुन्हा चुकत नाही.

शिक्षा किती? पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ताम्हिणीचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, हे मुळशीकरांनी लक्षात ठेवायला हवं. इतर प्रकरणांत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक आणि गाडीही जप्त होते. हत्यार विनापरवाना असेल तर शस्त्र कायद्याखाली दोन ते पाच वर्षांची शिक्षा वेगळी.

सलमान खानचं काळवीट प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. घटना ऑक्टोबर १९९८ ची. जोधपूरच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती एप्रिल २०१८ मध्ये. तो जामिनावर सुटला आणि शिक्षेविरुद्ध अपील झालं. पण एका रात्रीच्या शिकारीचा खटला वीस वर्षं मागे लागला, हे त्यातून दिसतं.

मांसाचंही तेच. "सांबराचं आहे, ओळखीतून आलंय" म्हणत कुणी पिशवी दिली, तर ती घेणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. आणि शिकारीसोबतचा फोटो स्टेटसला ठेवणं म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने वनखात्याकडे पोहोचवणं.

पण रानडुक्कर भातात घुसलं तर?

हा प्रश्न खरा आहे, आणि तो हौशीचा नाही. आंबेमोहर किंवा इंद्रायणीचं उभं पीक एका रात्रीत लोळवलेलं पाहिल्यावर शेतकऱ्याला कायद्याचं पुस्तक आठवत नाही.

कायद्यात यासाठी वाट आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतं. कलम ११ नुसार असा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने तो मारायची परवानगी देऊ शकतो. मारलेलं जनावर मात्र सरकारजमा होतं. आधी मारून मग कळवणं म्हणजे परवानगी नव्हे. जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला बचाव तेवढा गुन्ह्यात धरत नाहीत.

व्यवहारात करायचं ते असं. नुकसान दिसल्याबरोबर फोटो काढावेत, जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाई त्या पंचनाम्यावरच मिळते. राज्याच्या वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे.

पीकरक्षणासाठी शस्त्र कायद्यात परवान्याची वेगळी तरतूद आहे, पण ती ठासणीच्या बंदुकीची आहे, रायफलची नाही. त्यामागचं एक कारण पिरंगुटमध्ये सहज पटतं. आधुनिक रायफलची चुकलेली गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते. पिरंगुटच्या कुठल्याही शेतात उभं राहून तेवढं वर्तुळ काढलं, तर त्यात कारखाना येतो, शाळा येते, सोसायटी येते, वाहता रस्ता येतो. परदेशातल्या रीलमध्ये शिकाऱ्याच्या मागे मैलोन्‌मैल माणूस नसतो. इथे अंधारात खाचरापलीकडे बॅटरी घेऊन राखणीला बसलेला शेजारी असू शकतो.

फासे आणि गावठी बॉम्ब यांचं तर नावच नको. आमिषात गुंडाळलेला बॉम्ब डुकरानेच खायचा, असं कुठे लिहिलेलं नसतं. तो गाय खाते, कुत्रा तोंडात धरतो, पोर हातात घेतं. फाशात बिबट्याही अडकतो. रात्रभर धडपडलेला जखमी बिबट्या सकाळी ज्याच्यासमोर येतो, तो बहुतेक वेळा शेतावर निघालेला माणूस असतो.

रायफलची आवड असेल तर

नेम धरायची आवड असणं यात काही गैर नाही. पिरंगुटहून फार लांब नसलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पुण्यात रेल्वेत नोकरी करत सराव करायचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात वापरतात ती .२२ ची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. तीही कागदावर मारायची.

थोडक्यात

परदेशात हरणासाठी गोळी निवडताना जनावराचा आकार, अंतर, नळीचा पीळ आणि गोळीचा प्रकार पाहतात. मध्यम हरणासाठी १०० ते १५० ग्रेनची पसरणारी गोळी हे तिथलं ढोबळ उत्तर. त्यामागचा नियम एकच, जनावर तडफडत राहता कामा नये.

पिरंगुटमध्ये हरणासाठी योग्य गोळीचं वजन शून्य ग्रेन आहे. डुकराने पीक खाल्लं असेल तर हाताशी लागतात अर्ज, पंचनामा आणि १९२६ हा क्रमांक. पुढच्या वेळी तसली रील आली आणि खाली कुणी विचारलं, "भाऊ, आपल्याकडे मिळते का ही?", तर एवढं उत्तर नक्की देता येईल.